सिम्युला अवगत असलेला कारकून

अडुसष्ट सालच्या जानेवारीत मी एका सरकारी फॉर्मवर दोन शब्द जास्तीचे लिहिले, आणि त्यापायी फेब्रुवारीत सोळा दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. म्हणजे उतरत होता, खोटं कशाला सांगू, पण चव लागत नव्हती.

फॉर्म साधाच होता. नाव, हुद्दा, जन्मतारीख, आणि तळाशी नव्यानं छापलेला एक रकाना: 'यंत्राच्या भाषा अवगत असल्यास त्यांची नावे.' आमच्या अकोल्याच्या कचेरीत (कोणत्या ते विचारू नका, माझी पेन्शन अजून व्हायची आहे) टाइपरायटर सोडला तर यंत्र म्हणून एक छताचा पंखा होता. त्याची भाषा सगळ्यांनाच येत होती. सगळ्यांनी निमूटपणे 'निरंक' लिहिलं. मीही लिहिलं असतं, पण मला रिकामी जागा पाहवत नाही. हा माझा जुना आजार आहे. हेडक्लार्क खुशालरावांच्या छत्रीत भुईमुगाची फोलपटं भरून ठेवणारा मीच, आणि साहेबांची बदली झाली अशी थाप मारून अख्ख्या कचेरीला हार घेऊन त्यांच्या दारात उभं करणारा पण मीच. साहेब बनियनवर बाहेर आले होते. ते जाऊ द्या.

त्या दिवशी माझ्या खिशात भाच्याचं पत्र होतं. भाचा श्रावण कानपूरला इंजिनिअरिंग शिकतो, आणि त्यांच्याकडे हिशेब करणारं एक खोलीभर यंत्र आहे. त्या यंत्राला फोरट्रान नावाची भाषा लागते, आणि नॉर्वे नावाच्या थंड देशात आता सिम्युला म्हणून एक नवी निघाली आहे, तिच्यामागं त्याचे प्रोफेसर वेडे झालेत, असं त्यानं लिहिलं होतं. मी रकान्यात लिहिलं: 'फोरट्रान, सिम्युला.' कल्पना अशी होती की खुशालराव वाचतील, चष्मा काढतील, पुसतील, पुन्हा वाचतील, आणि आम्ही चौघं कारकून फाइलीआडून बघू. पण खुशालराव बावीस वर्षं न वाचता सही करत आलेत, हे मी विसरलो. कागद मुंबईला गेला.

उत्तर आलं तो शनिवार होता. 'सदर कर्मचाऱ्याने अवगत असल्याचे नमूद केलेल्या दोन यंत्रभाषांची तुलना त्याने तज्ज्ञ अधिकाऱ्यांसमोर अमरावती येथे समक्ष सांगावी. नोंद खोटी आढळल्यास सेवेतून कमी करण्यात येईल.' खाली तारीख, सोळा दिवसांनंतरची. 'सेवेतून कमी' या शब्दांखाली कोणीतरी लाल पेन्सिलीनं रेघ मारली होती. ती रेघ मला अजून दिसते. एकोणीस वर्षांची नोकरी, दोन पोरी शाळेत, आणि मध्ये ती लाल रेघ.

खुशालरावांनी या खेपेला मात्र अक्षर न् अक्षर वाचलं. दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "महादेवराव, खाली सही माही हाये. तुमी बुडाले तं मी बी बुडालो. म्हनून आजपासून तुमाले ह्या दोन्ही भाषा येतात. कशा येतात ते तुमी पाहा."

घरी बायकोला सांगितलं. कौशल्या तांदूळ निवडत होती. तिनं हात थांबवला नाही. लिहायची गरज काय होती म्हणून विचारलं. मी म्हटलं, गंमत म्हणून. "मंग आता जा अमरावतीले," ती म्हणाली, "अन् सांगा त्याईले, गंमत होती म्हनून." तिच्या बोलण्यात तथ्य होतं, त्यामुळं मला राग आला आणि मी शेजारी सल्ला मागायला गेलो.

शेजारी म्हणजे दुर्गाबाई. त्यांचं म्हणणं, आजारी पडा. पातूरला एक वैद्य आहे, तो पाहिजे तो आजार लिहून देतो. मी गेलोसुद्धा. वैद्यबुवांनी माझी नाडी पाहिली, सगळी हकीकत ऐकली आणि गोवर लिहून दिला. बेचाळीस वर्षांच्या कारकुनाला गोवर. आणि खाली तारीख टाकली ती परीक्षेनंतरची. तो कागद मी तिथंच एसटी स्टँडवर फाडला.

मग टिळक रोडवरच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. यंत्रांशी त्याचा रोजचा संबंध. त्याला विचारलं, यंत्राशी बोलतात कसं? त्यानं एका उघड्या रेडिओत फुंकर मारली आणि म्हणाला, "यंत्र बोलते, भाऊ. आयकत नाही. आयकत असतं तं माहं दुकान कशाले चाललं असतं?" एवढी ज्ञानाची गोष्ट ऐकूनही मला एकही भाषा आली नाही.

शेवटी कानपूरला तार केली: 'भाषा शिकव. त्वरित. मामा.' पोस्टातल्या बाबूनं मला दोनदा विचारलं, कोणाला काही झालं का?

श्रावणचं बारा पानी पत्र आलं. त्यातली अकरा पानं मला कळली नाहीत. बाराव्या पानावर पोराला दया आली असावी. लिहिलं होतं: 'मामा, फोरट्रानमध्ये तुम्ही यंत्राला एकामागून एक काय करायचं ते सगळं सांगता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. यंत्र स्वतःचं डोकं चालवत नाही. सिम्युलात तुम्ही आधी वस्तू तयार करता. प्रत्येक वस्तूजवळ तिचा तिचा माल आणि तिची तिची कामं. मग कामाची यादी द्यायची नाही, फक्त हाक मारायची. ती वस्तू तिचं काम तिच्या पद्धतीनं करते, आणि दुसरीचा माल लागला तर तिच्याजवळ मागते. हे वाचून समजणार नाही, करून पाहा. तिथं यंत्र नसेल तर माणसांनाच यंत्र समजा.'

हे शेवटचं वाक्य त्यानं लिहायला नको होतं.

मी विचार केला, पुष्कळ माणसं लागतात, क्रम लागतो आणि बिघडलं तर लगेच कळतं असं आपल्याकडे काय काम आहे? रोडगे. दुसरं काय. आणि रोडग्यांचा आमच्या भागातला शेवटचा शब्द म्हणजे दुर्गाबाईंचा नवरा, पुंजाजी. कोणाच्याही कार्यक्रमाला गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, कणकेचे शंभर-दीडशे रोडगे भाजायचे असले की पुंजाजीला बोलावतात. हातानं चाचपून सांगतो, हा आतून कच्चा आहे. मोर्णा नदीच्या काठाला त्याचा मळा आहे, तिथं रविवारी जमायचं ठरलं.

आता मला यंत्र पाहिजे होतं. ते दोन घरं सोडून राहत होतं. डोमाजी रेल्वेत सांधेवाला. दिलेल्या हुकमाबाहेर हात हलवायचा नाही ही त्याची नोकरीच. हलवला तर खंडव्याची गाडी भलत्या रुळावर. डोमाजीनं आधी एकच विचारलं, हे रोडगे नवसाचे आहेत का? छप्पनला नागपूरला जाऊन आल्यापासून त्याच्या घरी नवसबिवस बंद होते. मी म्हटलं, नवस नाही, परीक्षा आहे. "परीक्षा असन तं येतो," तो म्हणाला. "अन् यंत्र व्हाचं म्हनता ना? होतो. मंग मात्र यंत्रच राहीन, पाहा बरं. मांगं तुमी मले 'रेल्वेचे मोठे साहेब, डीटीएस, बोलावून राहिले' म्हनून भर दुपारी भुसावळच्या गाडीत बसवलं होतं. ते मी विसरलो नाही."

मला तिथंच थांबायला पाहिजे होतं.

पहिला रविवार फोरट्रानचा. मी त्रेचाळीस कलमांचा कागद केला होता. डोमाजी वाचणार, वाचलं तेवढंच होणार, कोणी आपलं डोकं चालवायचं नाही. गल्लीतली दहा-बारा माणसं जेवायला आली होती. खुशालराव तर स्वतःच्या सहीपोटी सकाळपासूनच येऊन बसले होते. पहिली सहा कलमं इतकी सुरेख पार पडली की मला वाटलं आपण नॉर्वेत जन्मायचे, चुकून बार्शीटाकळीला जन्मलो.

कलम सात: 'परातीतल्या कणकेत पाणी टाका.' डोमाजीनं बादली उचलली आणि टाकायला लागला. टाकतच राहिला. मी म्हटलं, अरे पुरे. त्यानं माझ्याकडे मान न वळवता विचारलं, "थांबा असं कुठी लिहिलं हाये?" लिहिलं नव्हतं. बादली संपली म्हणून तो थांबला.

कलम आठ: 'गोळा होईपर्यंत मळत राहा.' हे पुंजाजीचं काम. आता त्या परातीत कणीक नव्हती, मोर्णा होती. आणखी दोन पायल्या पीठ टाकलं असतं तर पुंजाजीनं दोन मिनिटांत गोळा केला असता, त्याला ते माहीत होतं, मला माहीत होतं, पीठ हाताशी होतं. पण पीठ टाका असं कलम नव्हतं. पुंजाजीनं बाह्या सारल्या आणि मळायला लागला. मळतोय, मळतोय. अर्ध्या तासानं मी त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, थांब आता. तो घाम पुसत म्हणाला, "गोळा झाला काय?" मी म्हटलं, नाही. "मंग?" म्हणाला, आणि पुन्हा मळायला लागला. पुंजाजी हा वऱ्हाडातला सगळ्यात हट्टी माणूस आहे हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. दीड तास तो मळत होता. डोमाजी शेजारी कागद घेऊन उभा, कलम नऊची वाट पाहत, आणि त्याच्या मिशीत जे हसू होतं ते मला ओळखीचं होतं, कारण आजवर ते माझ्या मिशीत असायचं. त्या परातीत गरगर फिरणाऱ्या पांढऱ्या पाण्यात मला माझं सेवापुस्तक विरघळताना दिसत होतं. शेवटी दुर्गाबाईंनी परात ओढून घेतली. माणसं शेंगा-गूळ खाऊन घरी गेली.

खुशालराव जाताना एवढंच म्हणाले, "ही झाली एक. दुसरी तरी येते का?"

त्या आठवड्यात माझी अब्रू किती उतरली ते सांगत नाही. पानवाला मला पान देताना विचारायचा, चुना किती लावू, थांबा कधी म्हणाल. कचेरीत मी येताना दिसलो की चपराशी हवेतच मळून दाखवायचा. लोकांची टर उडवून जगलेल्या माणसावर ही पाळी आली की फार लागतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दिवस कमी होत होते.

दुसरा रविवार सिम्युलाचा. परीक्षा दुसऱ्या दिवशी, सोमवारी. या वेळी एकच लांब कागद नव्हता. चौघांना चार चिठ्ठ्या दिल्या. डोमाजी म्हणजे आर; गोवऱ्या त्याच्या, पेटवणं-पसरवणं त्याचं. पुंजाजी म्हणजे कणीक. दुर्गाबाई म्हणजे वांग्याची भाजी आणि सगळं तिखट-मीठ. कौशल्या म्हणजे वरण. एकानं दुसऱ्याच्या मालाला हात लावायचा नाही, लागलं तर मागायचं. मी बाजेवर बसून फक्त हाक मारणार. आणि खरं सांगतो, सुरुवात अशी झाली की माझ्या डोळ्यात पाणी आलं. मी म्हटलं, "पुंजाजी, रोडगे." बस. पीठ किती, पाणी किती, काही सांगायचं नाही, त्याचं तो पाहत होता.

मग पुंजाजीनं बायकोला मीठ मागितलं.

दुर्गाबाईंनी आपली चिठ्ठी दूर धरून वाचली. "माह्या कागदावर मीठ ठेवनं लिहिलं हाये. देनं लिहिलं नाही."

पुंजाजी म्हणाला, मी तुझा नवरा आहे. दुर्गाबाई म्हणाल्या, ते घरी. मी धावत जाऊन चिठ्ठीत 'देणे' वाढवलं, तेव्हा मीठ निघालं. पुंजाजीनं एकसारखे पन्नास रोडगे वळले, ओळीनं मांडले, आणि चिठ्ठी पाहून गप बसला. समोर डोमाजीच्या गोवऱ्या लालभडक धगधगत होत्या. तोही चिठ्ठी पाहून गप बसला. कौशल्याचं वरण उकळून झालं. भाजी झाली. दोघं समोरासमोर बसलेले, एकमेकांकडे बघत, अतिशय सभ्यपणे. मी वाट पाहिली. मग जाऊन विचारलं, काय झालं?

पुंजाजीच्या चिठ्ठीत मी लिहिलं होतं: 'आर पसरला की रोडगे द्यावेत.' डोमाजीच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: 'रोडगे मिळाले की आर पसरावा.'

"तुमी द्या, मी पसरतो," डोमाजी म्हणाला. "तू पसर, मी देतो," पुंजाजी म्हणाला. दोघांचंही बरोबर होतं. मी बाजेवरून हुकूम सोडला तर दोघं एका आवाजात म्हणाले की तुम्ही फक्त हाक मारायची, आतल्या कामात बोलायचं नाही, असं तुमच्याच भाच्यानं लिहिलंय. मी चिठ्ठी बदलायला दौत शोधेपर्यंत गोवऱ्यांची राख झाली. राखेत रोडगा भाजत नाही.

या वेळी कोणी हसलंही नाही. भुकेली माणसं वरण पिऊन उठली. मी त्या पन्नास कच्च्या रोडग्यांजवळ बसून राहिलो. कौशल्या बाजूला येऊन बसली आणि फक्त म्हणाली, "उद्या खरं सांगजा."

सोमवारी सकाळच्या एसटीनं अमरावती. सोबत खुशालराव, अंगावर त्यांचा लग्नाचा कोट. मूर्तिजापूरपर्यंत ते कोटाची बटणं लावत-काढत होते. मग म्हणाले, आपल्याला रिटायर व्हायला पाच वर्षं राहिली आहेत.

कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर माझ्याआधीचे तिघं होते. मला वाटत होतं सगळ्या विदर्भात खोटं लिहिणारा मी एकटाच असेन, तर नाही. शेवटचा वरूडचा होता, गळ्यात टाय. अगदी निवांत. फोरट्रान सोपी आहे म्हणाला, एका पुस्तकावरून पाठ केली, सगळं पहिल्या फटक्यात जमलं, तुम्हालाही तसंच सांगायचं. तो आत गेला आणि सहा मिनिटांत बाहेर आला. टाय हातात होता. पाणी कुठं मिळतं म्हणून त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता चालू लागला. माझ्या नावाचा पुकारा झाला तेव्हा मला उठवायला खुशालरावांना माझा दंड धरावा लागला.

आत टेबलामागं मुंबईचे साहेब होते. बारीक, पांढरा शर्ट, परदेशात शिकून आलेले. समोर माझा फॉर्म. मी बसमध्ये पाठ केलेलं भाषण सुरू करणार होतो. पण त्यांनी डोकं वर न करता पहिलाच प्रश्न विचारला, "या भाषा तुम्ही कोणत्या यंत्रावर चालवून पाहिल्या?"

आयुष्यभर थापा मारलेल्या माणसाच्या तोंडात त्या क्षणी एक थाप नव्हती. मी म्हटलं, "पुंजाजीवर."

साहेबांनी डोकं वर केलं.

मग मी सगळं सांगितलं. फॉर्म, गंमत, न वाचलेली सही (खुशालराव दाराबाहेर उभे होते, माफ करतील), तार, त्रेचाळीस कलमं, बादली, परात. साहेब हसले नाहीत. मला वाटलं, झालं. त्यांनी पेन उघडलं आणि विचारलं, "हा पुंजाजी किती वेळ मळत होता?"

"दीड तास, साहेब. शेवटी बायकोनं परात ओढली."

"आमचं यंत्र एकदा दोन दिवस मळत होतं," साहेब म्हणाले. "परात ओढायला कोणी नव्हतं."

मग चिठ्ठ्यांचं विचारलं. मीठ, आर, समोरासमोर बसलेले दोघं. ते ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले, जुनं दुखणं आठवल्यासारखं. म्हणाले, तुलना सांगा. कोणती बरी? मी म्हटलं, साहेब, पहिलीत चूक झाली तेव्हा सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि कागदावर बोट ठेवून दाखवता येत होतं की इथं चुकलं. दुसरीत कोणाचंच काही चुकलं नव्हतं, प्रत्येकानं आपलं काम चोख केलं, आणि सगळे उपाशी राहिले. पण एक आहे. पुंजाजीला कणीक शिकवायला लागली नाही. उद्या भंडारा करायचा म्हटलं तर पहिला कागद मला फाडावा लागेल. दुसऱ्यातला पुंजाजी जसाच्या तसा उचलून नेता येईल.

साहेब बराच वेळ लिहीत राहिले. पेनाचा आवाज ऐकत मी मनात दोन्ही पोरींना शाळेतून काढलंसुद्धा होतं.

"शेवटचं सांगा," ते म्हणाले. "रोडगे भाजले का?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. "नाही साहेब," मी म्हटलं. "दोन्ही वेळा नाही."

त्यांनी फॉर्मवर सही केली आणि तो माझ्याकडे वळवला. 'अवगत आहे.' मला वाटलं, वाचण्यात चूक होत असावी. साहेब पेनाला टोपण लावत म्हणाले, "सकाळपासून तिघं येऊन गेले. तिघांचंही पहिल्याच वेळी जमलं होतं. हे काम ज्यानं एकदा तरी केलं आहे, तो असं कधी म्हणत नाही."

बाहेर खुशालरावांनी कागद वाचला, बाकावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी त्यांना चहा पाजला. परतीच्या एसटीत मला सोळा दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

इथं थांबलं असतं तर बरं होतं. पंधरा दिवसांनी हुकूम आला: विभागासाठी यंत्र मंजूर करण्याचा विचार चालू असून, आल्यावर ते सदर भाषा अवगत असलेल्या एकमेव कर्मचाऱ्याच्या ताब्यात द्यावे. म्हणजे माझ्या. कधी येणार ते लिहिलेलं नाही. तेव्हापासून कचेरीपुढं ट्रक थांबला की माझ्या हातातलं पेन गळून पडतं. परवा एक थांबला. चौकोनी, जड, वर ताडपत्री, उतरवायला सहा माणसं. मी खांबाआड उभा राहून ताडपत्री निघेपर्यंत श्वास घेतला नाही. लोखंडी कपाट होतं. किल्ली फिरवली की उघडतं, फिरवली की बंद होतं, दुसरं काही समजावून सांगावं लागत नाही. सगळे गेल्यावर मी जवळ जाऊन त्याच्या दारावरून दोनदा हात फिरवला.